चुकून अडवलेली : शून्य

७ ऑगस्ट २००६, अमरावती

आज नोकरीचा पहिला दिवस! सकाळीच अकोल्याहून बसने आले. आई स्टँडवर रडली नाही, पण बस सुटेपर्यंत माझ्या पदवीच्या कागदांची पिशवी तिनेच धरून ठेवली होती. बाबा त्यांच्या कापसाच्या जिनिंगमधल्या सगळ्यांना सांगत सुटलेत, की आपली तारा कम्प्युटरची साहेबीण झाली.

आमचं सल्ला केंद्र राजापेठेत, एका ट्यूशन क्लासच्या वर आहे. खेड्यांतल्या इंटरनेट केंद्रांवरून लोक आम्हाला ईमेल पाठवतात: बोंडावर कसली कीड आहे, फवारल्यावर उलटी झाली तर काय करायचं. मराठी कळफलक कुठेच नाही, म्हणून मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. अनीसाआपा डॉक्टरांना आणि कृषी अधिकाऱ्यांना विचारून त्याच दिवशी उत्तर देतात. मला पाहताच त्यांनी टर उडवली, की ही पोरगी पंख्याखाली बसवू नका, उडून जाईल. मला त्या फार आवडल्या.

शिक्षणाचा याहून चांगला उपयोग काय असणार?

८ ऑगस्ट

केंद्रप्रमुख चिंतामण सरांनी काम समजावलं. रोज नऊशेच्या आसपास ईमेल येतात, त्यातले आठशे तरी स्पॅम. गेल्या वर्षी लॉटरी लागल्याची पत्रं जास्त होती, यंदा औषधांच्या जाहिराती. आता नवीनच तऱ्हा निघाली आहे, मजकूर चित्रात लपवायचा, म्हणजे फिल्टरला तो वाचता येत नाही. फिल्टर शब्द पाहून स्पॅम वेगळ्या पेटीत अडवतो. तो किती चांगलं काम करतो, हे मी मोजायचं.

चुका दोन. स्पॅम आत शिरला, किंवा खरं पत्र अडवलं गेलं. पहिली चूक लगेच दिसते. दुसरीची तक्रार कोणी करत नाही, असं सर म्हणाले, कारण लिहिणाऱ्याला वाटतं केंद्रानेच उत्तर दिलं नाही. म्हणून अडवलेल्या पेटीतून रोज कोणतीही शंभर काढायची, प्रत्येक उघडून वाचायची आणि खूण करायची. न उघडता खूण करायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.

११ ऑगस्ट

एक गोष्ट फक्त इथेच लिहिते. रोजच्या शंभरात वीस-पंचवीस तरी पुरुषांच्या ताकदीच्या जाहिराती असतात. उघडलं की पडदाभर चित्र. माझा पडदा दाराकडून दिसतो आणि दाराशी बाकावर माणसं बसलेली असतात. काल एक उघडली आणि मागे कोणीतरी खोकललं. झटकन बंद केली.

आजपासून विषयात पुरुष या अर्थाचा तो इंग्रजी शब्द दिसला, की न उघडताच 'स्पॅम' अशी खूण करते. त्यात खरं पत्र कशाला असेल?

१८ ऑगस्ट

चुकून अडवलेली: शून्य. सरांनी आकडा फळ्यावर लिहिला. पुण्याहून पाहुणे आले होते, त्यांनाही दाखवला. माझी ओळख करून दिली.

त्यांच्यासमोर माझ्या तोंडून 'मले' निघून गेलं. कोणी हसलं नाही. मीच घाईने 'मला' म्हटलं, आणि कान तापले. कॉलेजपासून हे असंच आहे.

२९ ऑगस्ट

नांदगाव खंडेश्वरकडच्या एका गावात इंटरनेट केंद्र चालवणारे मोईजभाई आज आले. आल्या आल्या आपांवर डाफरले, की तुमी झोपा काढून राहिले काय इथं, माणिकबाईच्या तीन चिठ्ठ्या पाठवल्या, एकीचं उत्तर नाही.

माणिकबाई कपाशी फवारायला जायची. तिला नीट दिसेना. मागच्या वर्षी आपांच्या उत्तराने त्या गावातला एक जण वाचला होता, म्हणून ती दवाखान्यात न जाता मोईजभाईंच्या केंद्राच्या ओट्यावर उत्तराची वाट पाहत बसली. दोन दिवस. बुधवारी, तेवीसला, गेली. गाव म्हणतं, अटॅक आला. मोईजभाईंनी केंद्राला कुलूप लावलं आणि कम्प्युटर घरी चादरीत बांधून ठेवला.

आपा पुन्हापुन्हा सांगत होत्या, खुदा कसम, पत्र आलंच नाही. मी मान खाली घालून बसले.

ते गेल्यावर शोधलं. तिन्ही अडवलेल्या पेटीत होती. विषय: मले आंधुक दिसून राहिलं. इंग्रजी अक्षरांत 'मले' लिहिलं की एम-ए-एल-ई. फिल्टरने ते इंग्रजी समजून 'पुरुष' असं वाचलं.

मीही तसंच वाचलं. माझ्या आईची बोली आहे ती.

आत लिहिलं होतं: दोन औषधं एक करून फवारली, पंप पाठीवर गळते, काय करू सांगा. एक पत्र माझ्या शंभरात आलं होतं. बावीस तारखेला. पुढे खूण आहे. माझी.

३० ऑगस्ट

सरांना सांगणार होते. सांगितलं नाही.

शंभर काढली. सत्तेचाळिसावं पत्र माणिकबाईचं. तारीख आजची. मले अजून दिसून नाही राहिलं. उत्तर आलं काय?

मोईजभाईंना फोन केला. ते चिडले. चादरीची गाठसुद्धा सुटलेली नाही.

१ सप्टेंबर

आज तिची नऊ. कशीही काढली तरी तीच येतात. शेवटच्यात लिहिलंय: माहा देवमन सोमवारी फवारायले जाते. तेच औषध, तोच पंप. मले उत्तर नका देऊ. त्याले द्या.

देवमन तिचा मुलगा. चिठ्ठ्या टाइप करणारे मोईजभाईही अटॅकच धरून बसलेत; ती औषधाने गेली हे त्या गावात कोणालाच माहीत नाही. फक्त मला.

सांगायचं, तर कसं कळलं तेही सांगावं लागेल. फळ्यावरचं शून्य पुसावं लागेल. बाबांना कळेल. सोमवार अजून लांब आहे.

२ सप्टेंबर

तोंडाने जमेना, म्हणून सरांना आणि आपांना ईमेल लिहिली. सगळं कबूल केलं. देवमनचं नाव घातलं. दिवसभर कोणी काही बोललं नाही. सर नेहमीसारखे हसले.

पाच वाजता पेटी पाहिली. माझी दोन्ही पत्रं तिथे. अडवलेली. पण मी 'मला' लिहिलं होतं, सगळीकडे 'मला' —

३ सप्टेंबर, रविवार

आपांच्या घरी गेले. दारात उभी राहून सगळं बोलले, रडले. त्या माझ्यातून पलीकडे रस्त्याकडे पाहत होत्या. आत वळून म्हणाल्या, कोणी नाही गं, हवेनं वाजलं असेल. दार लावलं.

मोईजभाईंना फोन. ते हॅलो हॅलो करत राहिले. शिवी देऊन ठेवला.

४ सप्टेंबर

पहिल्या बसने त्याच्या गावी आले, बांधावर आहे. सकाळचे दहा. देवमन वीस पावलांवर. पंप पाठीवर, सदरा ओला.

हाका मारल्या. समोर जाऊन उभी राहिले. बाजूने निघून गेला.

पान फाडून लिहिलं — पंप उतरव, आंग धू, दवाखान्यात जा — त्याच्या शिदोरीवर ठेवलं. पाणी प्यायला आला. पान उचललं. पाहिलं. चुरगळून फेकलं. कचरा —

आता डोळे चोळून राहिला.

पट्टा धरला. हाताले ओलं लागलं. तो चालूनच राहिला — देवमन — ऐक ना रे — शुक्रवारीच सांगायचं होतं — मले लाज —