चोकला लावलेला चिमटा

आये, तुझी गाडी तुर्भ्याच्या गॅरेजात आहे. घणसोलीच्या घराशेजारी ताडपत्रीखाली तू गेल्यापासून इतकी वर्षं उभी होती, की गावातल्या मांजरांनी तिला आपलंच घर मानलं होतं. तुझ्या नातीचं लग्न ठरलंय. हॉलवरून सासरी जाईन तर आजीच्या गाडीतूनच, असं तिने धरून ठेवलंय. फुलांनी सजवलेली भाड्याची मोठी गाडी नको म्हणते. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. टेम्पोवर चढवून गाडी तुर्भ्याला नेली तेव्हा मी तिला घेऊन मागून रिक्षाने गेले, आणि उगाच तुझ्यासारखी मान ताठ करून बसले होते.

गॅरेजवाला जुन्या गाड्यांचंच काम करतो. चोहोबाजूंनी चकचकीत गाड्या, प्रत्येकीचा कोणीतरी हौशी मालक. त्याने बॉनेट उघडलं आणि म्हणाला, "मॅडम, दोन रस्ते आहेत. कार्ब्युरेटर खोलून, साफ करून, नवीन किट टाकून देतो. पण हल्लीच्या पेट्रोलने जुनी रबरं फुगतात, परत परत बघायला लागेल. नायतर फ्युएल इंजेक्शन टाकू. चावी फिरवली की चालू, चोकबिकची भानगड नाय, कोणीपण चालवेल. फक्त टाकीला भोक पाडायला लागेल, पंप वेगळा, कॉम्प्युटरचा डबा वेगळा. एकदा केलं की मागे येणं नाय." त्याचं बोलणं पुरतं संपायच्या आत मी इंजेक्शन म्हणून मोकळी झाले. तुझी नात माझ्याकडे बघत राहिली.

मला तू गाडी शिकवत होतीस ते दिवस आठवतात. मागची सीट काढून तिथे मासळीच्या पाट्या ठेवलेल्या, आपण वाशीच्या बाजाराकडे निघालोय. थंड इंजिनाला हवा कमी आणि पेट्रोल जास्त लागतं, म्हणून तू डॅशबोर्डखालची चोकची मूठ बाहेर ओढतेस. ती मूठ आपोआप आत सरकायची. म्हणून तू दोरीवरचा कपड्यांचा लाकडी चिमटा तिच्या दांडीला लावून ठेवायचीस आणि इंजिन तापलं की काढून पदराला अडकवायचीस. बाजारात दिवसभर तो चिमटा तुझ्या पदराला असायचा आणि गिऱ्हाइकं हसायची. एकदा उड्डाणपुलाखाली गाडी बंद पडली. मी घाबरून पायाने पेट्रोल मारत सुटले, मागे ट्रकवाले हॉर्न देतायत, आणि तू माझ्या गुडघ्यावर चापट मारलीस. "पाय नको मारू, पोरी. बुरंल ती. जरा दम घेवदे तिला." पेट्रोलने तुडुंब झालेलं इंजिन तू तसंच राहू दिलंस, खाली उतरलीस आणि सगळ्यात पुढच्या ट्रकवाल्याला पाटीतली कोळंबी दाखवून भाव सांगायला लागलीस. थोड्या वेळाने गाडी चालू झाली. मला नोकरी लागली त्या दिवशी तू गाडीची दुसरी चावी माझ्या हातात ठेवलीस.

तर त्या गॅरेजात काय झालं ते सांगते. त्याने मागचा पत्रा उचलला, खालून सुकलेले खवले निघाले. डॅशबोर्डच्या कप्प्यातून तो चिमटा निघाला. तो हसत म्हणाला, "मॅडम, मच्छीमार्केटची गाडी होती की काय?" बाजूच्या गाडीचा मालक, पांढऱ्या केसांचा गृहस्थ, तोही हसला. आणि मी म्हणाले, "आधीचा मालक मासे वाहायचा बहुतेक. आम्ही नंतर घेतली." इतक्या सहज म्हणाले, आये. जीभ जराही अडखळली नाही. इंजेक्शन घाईने का निवडलं तेही मला तिथेच कळलं. रबरं, पेट्रोल हे सगळं सांगायला. तो चोक, तो वास, तुझ्या हाताच्या सगळ्या खुणा निघून जाव्यात आणि कोणीही चालवू शकेल अशी कुणाचीही गाडी उरावी, हेच मला सोयीचं वाटत होतं. तुझ्या पाट्यांवर शिकले मी, आणि मला तुझी लाज वाटली. आता माझी मलाच वाटते, पण तिचा तुला काय उपयोग.

परतताना रिक्षात तुझी नात म्हणाली, "मम्मी, आजी आधीचा मालक कधीपासून झाली?" ट्रॅफिकच्या आवाजात ऐकूच आलं नाही, असं मी दाखवलं. ती म्हणाली, "मग राहू दे ना. मी भाड्याच्या गाडीने जाईन. मला आजीची गाडी हवी होती." रडली नाही, भांडली नाही. मोबाइल काढून बघत बसली.

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजात फोन केला. टाकीला अजून हात लावला नव्हता. म्हटलं, कार्ब्युरेटरच ठेवा. त्याने कारण विचारलं. तुझी गाडी आहे, तुझा चोक आहे, असं सांगायला ती एक संधी होती. मी म्हणाले, "ओरिजिनल असलेलं बरं." तो खूश झाला. "बरोबर बोललात मॅडम, खरे शौकीन तेच करतात." मी थँक यू म्हणून फोन ठेवला. संध्याकाळी लेकीला सांगितलं, तिचा चेहरा खुलला. तिने एवढंच विचारलं, "त्याला सांगितलंस ना, गाडी कोणाची ते?" मी हो म्हणाले.

रविवारी आम्ही दोघी गाडी बघायला जाणार आहोत. तिला चोक कसा ओढायचा ते मी शिकवणार आहे, तेवढं मला येतं. तिच्यासमोर तो काय विचारेल आणि मी काय बोलेन, याची मला भीती वाटते. हे पत्र मी गाडीच्या कप्प्यात, तुझ्या चिमट्याशेजारी ठेवायचं म्हणून लिहायला घेतलं. आज तुर्भ्याला जाऊनही आले. पण गॅरेजवाला कप्पा उघडेल आणि वाचेल, म्हणून ते तसंच पर्समध्ये घेऊन घरी आले.