सदतीस अंश

४ मे
आले एकदाची परभणीला! ईश्वरअप्पांच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरी, राहायला त्यांच्याच माडीवरची खोली. महानंदाकाकूंनी आल्या आल्या ताट वाढलं. अप्पा रोज पूजा आटोपून दुकानातल्या यंत्रांवर भस्माची तीन बोटं ओढतात, गिऱ्हाइकाच्या मशीनवर मात्र नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "पोरी, दुसऱ्याच्या जिनसेला आपल्या कपाळाचं भस्म लावायचं न्हाई. तिची झळ आपल्याला लागती." मला हसूच आलं.

७ मे
येलदरीच्या हरिओमचं मशीन आलं. तो लग्नाचे व्हिडिओ बनवतो. लग्नसराईत काम उरकायला ओव्हरक्लॉक करून वेग वाढवून हवाय. मदरबोर्डवर प्रोसेसरला वीज पुरवणारे जे भाग असतात, त्यांना सेन्सरची तार चिकटवली आणि मशीनला पूर्ण कामाला जुंपलं. दहा मिनिटांत एकशे आठ अंश! पंखा लावला. एकशे चार. माझं पहिलंच काम, आणि ही तऱ्हा. अप्पा जेवायला गेले होते. वैतागून सकाळी काकूंनी लावलेलं माझ्या कपाळावरचं भस्म बोटांवर घेतलं आणि मशीनच्या पेटीवर ओढलं.
सदतीस.

८ मे
सेन्सर बदलून पाहिला. वेग कितीही वाढवा, सदतीसच. हरिओम खूश होऊन मशीन घेऊन गेला. अप्पांनी शाबासकी दिली. मी भस्माचं सांगितलं नाही, लाज वाटली. अंग कसकसतंय. परभणीचं ऊन, दुसरं काय.

११ मे
डॉक्टरही ऊनच म्हणाले. पण ताप अकराला चढतो, चारला उतरतो. हरिओमला सहज विचारलं. तो मशीन अकराला लावतो, चारला बंद करतो.
योगायोग असेल. असू दे.

१३ मे
अप्पांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. येलदरीला जाऊन पेटीवरचं भस्म पुसतो म्हणाले, गाडीला किक मारली. हरिओम फोन उचलत नाही —

सव्वाअकरा. दुकानातला सेन्सर मनगटाला लावलाय. एक्केचाळीस.

त्याला मेसेज टाकला, मशीन बंद कर, तापलंय. त्याने स्क्रीनचा फोटो पाठवला. सदतीस. खाली हसरा चेहरा.

काकू बर्फ आणायला — त्रेचाळीस — अक्षर नीट येईना —

अप्पांचा फोन. आता कुठे झरी गाव मागे पडलं, येलदरी अजून लांब —

सत्तेचाळीस. बोटाखाली कागद पिवळा —

परत लिहिलं, हात जोडते, बंद कर. वाचलं त्याने. उत्तर आलं — महेश्वरीताई, घाबरू नका, लय थंड हाय, आता पूर्ण वेगात सो