तलावातला गाळ तलावात

७ मे ८८
सुखना तलावाच्या वरच्या टोकाला, ओढा आत शिरतो तिथे, आज लोखंडी गज रोवले. पावसाळा संपला की त्यांच्यावर किती गाळ चढला ते मोजायचं, प्रबंध पुरा करायचा, चंदीगडला रामराम. एअर फोर्सने शरदची बदली पुण्याला केली त्याला वर्ष झालं. मी आणि मुक्ता सेक्टर २२ मध्ये, भाड्याच्या दोन खोल्यांत. फोनवर त्याचं तेच: "तिथे गोळ्या चालतायत आणि तू चिखल मोजतेस?" दिवाळी पुण्यात, असा शब्द दिलाय. मुक्ता : "पक्का, मम्मी?" पक्का.

११ मे
रविवारी श्रमदान. अख्खं शहर तलावातला गाळ उपसणार, कुणी बडे पाहुणेही येणार. संयोजक साहेबांना जाऊन सांगितलं, बंधाऱ्याने अडवलं की पाणी हातातलं ओझं खाली ठेवतं, म्हणून हा गाळ. तो ट्रकने बंधाऱ्याखाली न्या. तिकडे ओढा उपाशी आहे, काठ खात सुटलाय. साहेब : "बिल्कुल जी! आप फ़िक्र ही ना करो." तेव्हापासून फिक्र लागलीय.

१५ मे, रविवार
झालंच. पाहुण्यांच्या बंदोबस्तापायी ट्रक नाक्यावरच अडवले. भरलेल्या टोपल्या घेऊन लोक उभे. मग काय, ओढ्याच्याच काठावर ढीग, तोही माझ्या गजांच्या वरच्या अंगाला! ओरडले. "मॅडमजी, कल उठवा देंगे." लस्सी, फोटो, लाउडस्पीकर. शाळेने मुलांनाही आणलेलं. मुक्ता चिखलाने माखून धावत आली, "मम्मी, मैंने सबसे ज़्यादा उठाया!" कुठे टाकलंस? बोट ढिगाकडे. तोंड पुसून दिलं.

२ जुलै
त्यांचा 'कल' उगवलाच नाही. आधी कर्फ्यू, मग ट्रक नाही, मग साहेब रजेवर. काल धो धो पाऊस. आज बघते तर ढीग गायब. ये रे माझ्या मागल्या! शहराचे हात दुखले तेवढे खरे.

९ ऑक्टोबर
गुडघाभर पाण्यात उतरून गज पाहिले. गाळ भरपूर. त्यात डोंगराचा किती आणि श्रमदानाचा किती, देव जाणे. गाइड सर खूश. "बढ़िया नतीजा है. ढेर का ज़िक्र किसलिए?" डोकं फिरलं. पण मोहही झालाच. खरं लिहायचं तर आणखी एक पावसाळा इथे.

१२ ऑक्टोबर
शरदचा फोन. "मिळाले आकडे?" मिळाले, म्हटलं. "मग तिकिटं काढतो." आवाज इतका मोकळा, की ढिगाचं सांगायचं टाळलं. चिडायचं तरी कुणावर? नाक्यावरच्या पोलिसावर? त्यालाही घरी जिवंत जायचंय.

१६ ऑक्टोबर
गज उपटायला गेले. मुक्ता बरोबर; गज निघाले की पुणे, हे तिला पाठ. बंधाऱ्यावर लोक फिरत होते, पाणी किती नितळ म्हणून कौतुक करत होते. नितळ! मुक्ताने पहिला गज दोन्ही हातांनी धरला. "निकालूँ?"
थांब, म्हटलं.
तिने हात काढले नाहीत.
"मम्मी, आपने पक्का बोला था."