सूनबाईची सोर्बियन

माय,

तुला वाचता येत नव्हतं, तरी तुलाच लिहितेय. दुसऱ्या कुणाला सांगायला गेलं की एकतर डोळे पुसतात नाहीतर सल्ले देतात. तू नुसतं ऐकून घेतलं असतंस आणि म्हणाली असतीस, झालं का सांगून, मग आता पीठ मळ.

मी सध्या सिंगापुरात आहे, वुडलँड्सला, लेकाच्या फ्लॅटवर. लेक कॉम्प्युटरवाला. सूनबाई गोरी, जर्मनीची. म्हणजे पासपोर्ट जर्मनीचा, पण तिला जर्मन म्हणायची सोय नाही. लगेच मान हलवते, "नाही आई, मी सोर्ब." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं हा काय आजार आहे की काय. मग तिनं समजावलं. जर्मनीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात थोडी माणसं आहेत, त्यांची बोली वेगळी, रशियन-पोलिशच्या गोतातली. चहूबाजूंनी जर्मन. हिच्या आईनंसुद्धा ती बोली सोडून दिली, कशाला लोकांत हसं करून घ्यायचं म्हणून. हिला ती मिळाली आजीकडून. आजीला तिकडं वोव्का म्हणतात. त्या वोव्काचं गाव कोळशाच्या खाणीत गेलं, घरं पाडली, चर्च पाडलं, आणि म्हातारी दुसरीकडच्या नव्या घरात जाऊन बसली. "गाव नेलं, तोंड नाही नेलं," असं ती म्हणायची म्हणे. मला ती बाई आवडली. भेट व्हायला हवी होती.

आता गंमत ऐक. एक दिवस सूनबाई नातीला ताटातली भजी मोजून देत होती. येदिन, द्वाय, त्सी, श्तिरी, प्येच. मी म्हटलं, "अगं, माझी नक्कल करतेस काय? दोन, चार, पाच तर आमचं आहे." ती हसून लाल झाली. म्हणाली, नक्कल नाही, हे आमचंच, आणि तुमचंही. मग तिला चेवच चढला. पाणी प्यायला सांगताना ती पोरीला 'पिय' म्हणते. मधाला म्येत, मांसाला म्यासो, जिवंतला झिवी, नव्याला नोवी. मी विचारलं, "कुणी कुणाकडून उसनं आणलं?" तर म्हणे कुणीच नाही. फार फार जुन्या काळी एकच घर होतं, त्यातून एक वाट तिकडं गेली, एक इकडं आली, शब्द ज्याचे त्यानं सोबत नेले. उसने शब्द वेगळे. त्यांचा भाकरीचा शब्द, ख्लेब, तो म्हणे जुन्या काळी जर्मनांच्या बाजूनं आलेला. पण पाण्याचा, वोदा, तो घरचा, आपल्या उदकाच्या गोतातला. मी म्हटलं बरोबरच आहे, भाकरी शेजारणीकडून आणता येते, पाणी आपल्याच आडाचं लागतं. सूनबाईला हे इतकं आवडलं की तिनं लिहून घेतलं. एवढं काय त्यात.

नात चार वर्षांची आहे. आईशी सोर्बियन, बापाशी पुण्याची मराठी, खाली खेळायला गेली की इंग्लिश, तेही इथलं, शेवटी 'ला' लावलेलं. आणि माझ्याशी तुझी. हो, अहिराणी. लेकाला मी कधी शिकवली नाही, पुण्यात सासरी कोण बोलू देणार. पण ही पोर आली आणि माझ्या तोंडातून आपसूक निघालं, "आठे ये व माय." ती आली. संपलं. शिकवणी नाही, पुस्तक नाही.

मग जानेवारीत भानगड झाली. सकाळी उठले तर स्वयंपाकघराच्या खिडकीत, आतल्या कट्ट्यावर, नातीची फुलाफुलांची बशी ठेवलेली. त्यात गोड पावाचा एक पक्षी, मनुक्याचे डोळे लावलेला, आणि चार गोळ्या. बाहेर कठड्यावर कावळा बसून आत बघतोय. लेकराच्या बशीत कावळ्याचं पान? मी बशी उचलली आणि ओरडले, "कोण गेलं? मला न सांगता कुणाचं घातलंय हे?"

सूनबाई धावत आली. "आई, कोणी गेलं नाही! बर्ड्सचं लग्न आहे!"

"कुणाचं लग्न?"

"पाखरांचं. आमच्याकडे. थंडीत मुलं पाखरांना खायला देतात, मग पाखरं लग्न करतात आणि मुलांना मिठाई ठेवतात. कावळा नवरा. म्हणजे, मोठा कावळा. काळा कोट, ना?"

"आमच्यात कावळा म्हणजे मेलेला बाप," मी म्हटलं. "त्याला बोहल्यावर चढवता तुम्ही?"

आणि मग आम्ही दोघी अशा हसलो की विचारू नकोस. नात मधे उभी राहून विचारतेय, "आजी, मी खाऊ? Can or not?" मी म्हटलं खाय बेटा, वऱ्हाडाचंच जेवण आहे.

तेवढ्यात लेक आला, ऑफिसची बॅग खांद्यावर. हसला नाही. म्हणाला, "हे बघा, आता पुरे. नर्सरीच्या टीचरचा मेसेज आलाय. ती मिक्स करते, कन्फ्यूज होतेय. पुढच्या वर्षी शाळा. सोमवारपासून घरात फक्त इंग्लिश. सगळ्यांनी. आई, तूपण."

सूनबाई ओटा पुसायला लागली. पुसलेलाच ओटा परत पुसत होती. मला कळलं, हिची आई अशीच गप्प बसली असणार. भांडण नाही, मारझोड नाही, घरातल्या माणसानं काळजीपोटी एक वाक्य बोलायचं आणि बोली बंद.

मी लेकाला म्हटलं, "पोर गोंधळलीय हे कुणी ठरवलं?"

"टीचर ट्रेन्ड असतात, आई."

"मी जाऊन बघते."

"तू जाऊन काय करणार आहेस? प्लीज, सीन नको करूस."

सीन मी आयुष्यात केला नाही, मला वेळच नव्हता. नातीचा हात धरला आणि निघाले. नर्सरी खालच्याच ब्लॉकमधे आहे. आणि चालताना मला तू दिसत होतीस, खरं सांगते. मी सात-आठ वर्षांची आहे, तुझा डबा घेऊन जिनिंगमधे आलेय. तू कापसाच्या ढिगाशी बसून वेचतेस. बायांशी अहिराणी. मुकादम आला की हिंदी. कारकुनाशी मराठी, तीही नाकात. शेठ मारवाडी बोलला तर तेही तुला समजायचं, वर त्याची चाल करून दाखवायचीस. चार बोल्या एका घामात. तुला कधी कुणी म्हटलं नाही की बाई गोंधळलीय. आणि शाळेतून येऊन मी तुला 'शे नाही, आहे म्हणायचं' असं सांगितलं, तेव्हा तू तव्यावरून नजरही काढली नाहीस. "तुना मास्तरले सांग, आठे ईसन भाकर थापी दे, मंग शिकाड." बस.

टीचर चिनी मुलगी, गोड आहे. म्हणाली, "Auntie, at home so many language, she blur lah." ब्लर म्हणजे इथल्या बोलीत गोंधळलेली. माझं इंग्लिश बेताचं, पण मोजण्यापुरतं आहे. मी विचारलं, "You, how many?"

"Me? English. Mandarin."

"Mother?"

"With my mother, Teochew." ही तिच्या घरची चिनी बोली.

"Market?"

"Market ah... Malay, little bit."

"You blur?"

ती तोंडावर हात धरून हसायला लागली. "Aiyoh, Auntie." मग मी नातीला म्हटलं, आईला पाणी दे म्हणून सांगायचं तर काय म्हणशील? तिनं सोर्बियन सांगितलं. बापाला? मराठी. मला? अहिराणी. टीचरला? "Teacher, I want water, please." माणूस बदललं की बोली बदलली, एकदाही चुकली नाही. टीचर म्हणाली, पोर बोलताना थांबते म्हणून मला वाटलं. मी म्हटलं, "She is choosing." हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं देव जाणे.

टीचरनंच लेकाला फोन केला. संध्याकाळी तो आला, बूट काढले, आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "ठीक आहे. पण शाळेत मार्क कमी पडले तर तू जबाबदार." मी म्हटलं, बरं, मी जबाबदार. सूनबाईनं बापलेकीला जेवायला बोलावलं, मोठ्यानं, तिच्या बोलीत. लेक बसला आणि दुसऱ्या घासाला त्यानं तिला विचारलं, "डाळीला काय म्हणतात तुमच्यात?" तिला आठवेना. डाळ नव्हतीच म्हणे तिकडं रोजच्या जेवणात. पण तिचा चेहरा तू बघायला हवा होतास.

तर असं. मी जिंकले म्हणून लिहीत नाहीये, जिंकायची मला सवय आहे. दुसरंच सांगायचंय. काल तळ्याकाठी नातीच्या हातावर चतुर बसला, तो पारदर्शक पंखांचा किडा. ती ओरडली, "आजी, याले काय म्हणतस?" आणि माय, मला तुझा शब्द आठवेना. जीभ टाळ्याला लावून बघितली, नाही आला. गावाकडं फोन करून विचारावं असं आता कुणी उरलं नाही. मग मी ठणकावून पुण्याचंच 'चतुर' म्हणून सांगितलं, आपलाच शब्द असल्यासारखं. तिनं तो घेतला, दोनदा म्हणून बघितला, आणि पुढं पळाली.

हे सूनबाईला सांगितलेलं नाही. तुला सांगितलं.