तेलातले चार वायसर

प्रिय अम्मा,

आज पंप चालला. मनात आलं, अम्माले कळवतो, आणि मंग आठवलं की तू नाही आता. तू गेल्याचं आपल्या मोहल्ल्यातल्या रशीदचं कार्ड येऊन पंधरा दिवस झाले, तरी असंच होते. म्हणून लिहूनच टाकतो. तुले मराठी वाचता येत नव्हती, मले उर्दू लिहिता येत नाही, पत्र लिहाले-वाचाले आपल्या मधात नेहमी शाळेतले गुरुजी लागत. आता ते लागत नाहीत.

हात सोलले आहेत साबणानं. अक्षर वाकडं आलं तर माफ कर.

पह्यले एक कबूल करतो. मी मिस्त्री नव्हतो, अम्मा. दोन वर्षं मी तुले खोटं लिहिलं. यवतमाळ सोडलं, नागपूर सोडलं, टाटानगर सोडलं, कुठंच जीव रमला नाही. कलकत्त्याच्या या हाटेलात लागलो ते गालिचे उचलाले. ओले गालिचे, मेलेल्या बैलासारखे जड! खांद्यावर घेऊन तीन जिने चढायचे, गच्चीवर टाकायचे. आणि तुले लिहिलं, ‘मी पंपाचा मिस्त्री झालो.’ काय करू? तुह्या घरात अब्बा प्रेसातले फिटर. कापसाच्या गाठी दाबणाऱ्या मशीनचा पंप त्याहीच्या हाताखाली. त्याहीचा पोरगा हमाल, हे गुरुजी तुले वाचून दाखवतील, हे मले सहन झालं नसतं.

मशीन मात्र खरंच आहे. एक टाकी, एक मोटर, मधात मुठीएवढा पंप. तो साबणाचं पाणी गालिच्यावर मारते, मंग दुसऱ्या नळीनं मळकं पाणी ओढून घेते. तू म्हणाली असती, ‘एवढ्यासाठी मशीन? नदीवर नेऊन दोनदा आपट!’

त्यावर तुहं पत्र आलं, त्यात गुरुजींनी लिहिलं होतं, ‘अम्मा विचारतात, तुझ्या पंपाच्या वायसरचं माप काय? चवन्नीएवढं, अठन्नीएवढं, की रुपयाएवढं?’  वायसर म्हणजे पंपाच्या आतली चामड्याची वाटी, तेवढं माहीत होतं. या पंपातली पाह्यली कोणं? मी ऐटीत लिहिलं, ‘इथं सगळं विलायतेहून येते. तू काही पाठवू नको.’

तरी तू कलकत्त्याले येणाऱ्या रशीदसंग डबा पाठवलाच. एरंडेलाचा वास साऱ्या खोलीत. माह्या संग राहणारा हरिपद नाक दाबून म्हणे, ‘क्या रे याकूब, माँ ने अचार भेजा कि दवाई?’ सगळे हसले. मीही हसलो, अम्मा. आणि डबा न उघडता खाटेखाली लोटला. हे कसं विसरू?

मंग मशीन बंद पडलं. पावसाळाभर गालिचे धुणं नव्हतं म्हणून कोपऱ्यात उभं होतं, आणि ते चालवणारा मिस्त्री गावी गेला तो आलाच नाही. पाऊस सरल्यावर लावलं, तर मोटर फिरे, पाण्याचा थेंब नाही. हाटेलाचे मोठे बाबू म्हणाले, वायसर विलायतेहून यायले तीन महिने, तोवर गुडघ्यावर बसून ब्रशनं घासा. दहा दिवस घासलं. काल जिन्यातच बसलो, उठवेना. आज सकाळी बाबूले म्हटलं, मी खोलून पाहतो.

‘येते तुले?’

‘येते.’ पुन्हा खोटंच!

खोललं. आत साबण वाळून चुना झालेला, जाळीत लोकरीचे गुंते, आणि वायसर पापडासारखा कडक. तवा मले तुहा हात दिसला. ओलं चामडं लाकडी साच्यात दाबणारा, सावलीत वाळवणारा, मंग कोमट तेलात बुडवणारा. अब्बा गेल्यावर तू प्रेसाले वायसर करून देत राह्यली आणि आम्ही जेवलो. झाला का नाही, ते तू कानाची पाळी धरून पाहे. ‘असा नरम झाला पाहिजे,’ म्हणे, आणि माहाच कान ओढे.

डबा आज पह्यल्यांदा उघडला. आत चार वायसर. चारी वेगळ्या मापाचे, दोऱ्यानं बांधलेले.

चार काहून, अम्मा?

मी चारी वायसर फरशीवर ओळीनं मांडले. आपल्या पंपाचं माप सांगता येत नाही असा मिस्त्री कुठं असते? गुरुजींनी माहं पत्र वाचलं तवाच तुले समजलं असन. आणि तू एका शब्दानं बोलली नाही. चार माप बनवले, म्हटलं असन, पोरगा कधी ना कधी पंप खोलनच.

माप जुळलेला वायसर पह्यल्यांदा उलटा बसवला. हवाच ओढे. हरिपद म्हणे, ‘अब माँ को ही बुलाओ!’ मंग तुहं बोलणं आठवलं, ‘कटोरे का मुँह पानी की तरफ.’ फिरवला, कसला, मोटर लावली. पाणी भिंतीपर्यंत गेलं, बाबूचं धोतर भिजलं. बाबू म्हणाले, उद्यापासून मशीन याकूबकडं.

पण एक विचारतो. तुह्या खोकल्यात रक्त येत होतं, रशीदनं कार्डात लिहिलं. आणि तू गुरुजीकडून लिहवलं, ‘इकडे सर्व ठीक.’ मले खोटं बोलाले कोणं शिकवलं, आता समजलं!

लय थकलो, अम्मा. पण काम झाल्यावर टाकीत साधं पाणी घालून पंप चालवला, फेस जाईपर्यंत. जाळी धुतली. उरलेले तिन्ही वायसर तेलात आहेत. दर जुम्म्याले उलटवीन, तू उलटवे तसे. तुह्या चाळिसाव्याले, कबरीवर दुआ मागाले घरी येतो, आणि माहे सगळे पत्र खोटे होते हे गुरुजीले माह्या तोंडानं सांगतो.

आणि तू माप विचारलं होतं. रुपयाएवढं, अम्मा. जुन्या कलदाराएवढं.

तुहा,
याकूब मिस्त्री