गोदामाच्या सावलीत बंद पडलेल्या सोलरचा खर्च भाड्यातून वजा मिळणेबाबत

प्रति,
मा. आयकर अधिकारी,
भिवंडी.

विषय: घरावरील सोलरचा खर्च रु. २,३८,००० गोदामाच्या भाड्यातून वजा होणेबाबत.
संदर्भ: आपले दि. १४ नोव्हेंबर २०२५ चे पत्र.
अर्जदार: केसरीनाथ बाळाराम तरे, वय ६८, रा. पूर्णा, ता. भिवंडी.

महोदय,

१. अर्जदाराची पत्नी आक्का हिला फुप्फुसाचा आजार असून घरी ऑक्सिजनचे मशीन रात्रंदिवस चालते. विजेचे बिल पाहून अर्जदाराचे डोळे पांढरे झाले, म्हणून २०२१ साली घरावर सोलर बसविले. दोन वर्षे बिल नावापुरते आले आणि अर्जदार गावभर मिरवला, हे तो नाकारीत नाही.

२. नंतर अर्जदाराने घरालगत दक्षिणेच्या भातशेतीत कर्ज काढून गोदाम बांधले. उंची जास्त तितके भाडे जास्त, म्हणून त्याने स्वतःच दहा फूट वाढवून घेतली. तेव्हापासून दिवाळी ते होळी सोलरवर ऊन पडत नाही. उरलेले दिवस कंटेनरची धूळ. गतवर्षी इन्व्हर्टरही जळाला आणि बसविणाऱ्याचा फोन लागत नाही. आक्काचे म्हणणे जसेच्या तसे: "आपला ऊन आपूनच भाऱ्यानी दिला."

३. ऊन गोदामाने खाल्ले, तर भरपाईही गोदामानेच करावी, या सरळ हिशेबाने अर्जदाराने विवरणपत्रात हा खर्च भाड्यातून वजा धरला. आपण कळविले की भाड्यातून ठरलेले तीस टक्केच वजा होतात आणि राहत्या घराचा खर्च खासगी आहे. सावली हा गोदामाचाच भाग धरता येईल काय, असे अर्जदाराने सी.ए. मेघाली मॅडम यांना विचारले. त्या हसल्यासुद्धा नाहीत, यावरून अर्जदार काय ते समजला.

४. घरी मात्र अर्जदाराने "पैसे सुटतील" असे सांगून ठेवले आहे. कारण तो बाहेर पडला की आक्का बिल वाचविण्यासाठी मशीन बंद करीत असे. सून करिष्मा हिने तिला दोनदा ओठ निळे पडलेल्या अवस्थेत पाहिले. पैसे सुटण्याच्या भरवशावर हल्ली ती मशीन चालू ठेवते.

५. मागणी फेटाळली जाणार, हे अर्जदार जाणून आहे. निघेल तो कर व दंड तो भरील. विनंती एवढीच की, नामंजुरीचे पत्र घरच्या पत्त्यावर पाठवू नये. टपाल आक्का घेते आणि फोडून वाचते; मागचे पत्र नशिबाने करिष्माच्या हाती पडले. अर्जदार दर सोमवारी कार्यालयात येऊन बसेल व पत्र हातोहात नेईल.

एवढे तरी व्हावे.

आपला नम्र करदाता,
(सही)
केसरीनाथ बाळाराम तरे
दि. ९ डिसेंबर २०२५

सोबत: सोलर खरेदीचे बिल, गोदामाचा भाडेकरार, दुपारी बारा वाजता छपरावर काढलेला फोटो.