प्रॉम्प्टरनं गाळलेलं वाक्य

सिंदेवाही
रविवार, ६ एप्रिल २०२५

चि. हर्षास,
जयभीम आणि पुष्कळ आशीर्वाद.

आम्ही दोघं इकडे मजेत आहोत. तू, धम्मदीपराव आणि आमची नात तिकडे नाशिकला मजेतच असाल. पाकीट पाहून घाबरू नकोस, कोणाला काही झालेलं नाही. तुझ्या आईचा गुडघा कामाच्या वेळी दुखतो आणि हौसेच्या वेळी थांबतो. काल जयंतीच्या पताका लावायला ती मी नको नको म्हणत असताना शिडीवर चढली आणि वरून मलाच ओरडली, की शिडी नीट धरा.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. दर रविवारी आपण बोलतो, पण काय बोलतो? जेवलात का, गोळी घेतली का, ऊन किती आहे. तर ऊन बेचाळीस आहे, गोळी घेतली आणि वांग्याची भाजी खाल्ली. फोनवरचं सगळं बोलणं इथे संपलं. आता उरलेलं लिहितो.

मी पुन्हा नाटकात शिरलो आहे. हसू नकोस. कंपनी सोडून सात वर्षं झाली, आता घरी बसून पेपर वाचायचा, असं मीच म्हणत होतो. पण इथे नूतन नावाची एक मुलगी आली आहे. मूळची अहेरीची, नागपूरला नाट्यशास्त्र शिकलेली, वय सत्तावीस, आणि बोलते अशी की ठाणेदारानेही चप्पल दाराबाहेर काढून आत यावं. शनिवार-रविवारी सकाळी समाजमंदिरात ती गावच्या आणि आसपासच्या पोरापोरींना नाटक शिकवते. बारा ते सतरा वर्षांची वीस-बावीस पोरं आहेत. तिला कोणीतरी सांगितलं, की इथे बापूराव नावाचा म्हातारा आहे, त्याने एकतीस वर्षं वडशाच्या नाटक कंपन्यांना प्रॉम्प्टिंग केलं. झालं, दुसऱ्या दिवशी दारात हजर.

पहिल्या दिवशी मी जुन्या सवयीने स्टेजच्या पुढ्यात बसलो, प्रेक्षकांकडे पाठ करून, मांडीवर वही घेऊन. पोरांनीच रचलेलं नाटक आहे. गावाशेजारी वाघीण येते, गाव ग्रामसभा भरवतं आणि वाघिणीलाच जबानी द्यायला बोलावतं. पियुष नावाचा पोरगा सरपंच झाला आहे. मी वाक्य सोडायचं, त्याने उचलायचं, असं झकास चाललं होतं. तेवढ्यात तुझी आई चहा घेऊन आली. मी तिला म्हटलं, साखर कमी टाकत जा, डॉक्टरनं सांगितलंय. पियुषने छाती पुढे काढली आणि साऱ्या ग्रामसभेला बजावलं, साखर कमी टाकत जा, डॉक्टरनं सांगितलंय. बाकीच्या पोरांनी हात वर करून ठराव मंजूर केला. एकालाही काही चुकलं असं वाटलं नाही.

नूतन हसून हसून खाली बसली. मग डोळे पुसले आणि म्हणाली, उद्यापासून प्रॉम्प्टर बंद. पोरांनी स्वतःच्या डोक्यातून बोलायचं. मला वाटलं, चला, आपली नोकरी गेली. पण तिने मला दुसरं काम दिलं. मागच्या भिंतीला टेकून बसायचं, आणि आवाज तिथवर आला नाही की हात वर करायचा. तोंड उघडायचं नाही. एकतीस वर्षं ज्याचं तोंड क्षणभर मिटलं नाही, त्याला ही शिक्षाच होती. पहिले दोन आठवडे मी दुपट्टा दातात धरून बसलो, तरी ओठ हलायचेच.

वाघिणीचं काम करिष्माकडे आहे. दहावीची परीक्षा दिली आहे तिने आत्ताच. वडील नानाजी, चार किलोमीटरवरच्या गावात धानाची शेती. पियुष तिचा चुलतभाऊ. पोरगी दिसायला एवढीशी, पण तोंड उघडलं की मागच्या भिंतीला माझी पाठ थरथरते. तिच्यासाठी मी एकदाही हात वर केला नाही. ती जबानीत विचारते, तुमच्या सातबाऱ्यावर माझं नाव काऊन नाई? तेव्हा लहान पोरं खरंच मागे सरकतात.

आता खरं म्हणजे तुला आंब्याचं सांगायचं होतं, यंदा मागच्या झाडाला मोहोर चांगला होता. पण आंब्याचं राहू दे. तीन दिवसांपासून हे पत्र मी आंब्यापर्यंत आणतो आणि तिथेच ठेवून देतो.

मार्चच्या बावीस तारखेला, शनिवारी, करिष्मा आली नाही. नूतन म्हणाली, भाऊ, तुम्ही वडीलधारे आहात, घरी जाऊन या. मी सायकल काढली. नानाजीने खाट टाकली, पाणी दिलं, मोहाचा सडा कसा पडला ते सांगितलं. मी नाटकाचा विषय काढला. मग त्याने विचारलं, की तुमच्या तर घरातच कंपनी होती, तुमची हर्षा काऊन नाही उतरली स्टेजवर? लोक मला हे आजवर पन्नासदा विचारून गेले असतील. उत्तर तोंडात तयारच असतं. मी म्हटलं, पोरगी गुणी होती, पण आवाज पोचत नव्हता, डायरेक्टरच नाही म्हणाले. नानाजीने मान हलवली. बघतो म्हणाला. मी चहा पिऊन परत आलो.

पुढचा शनिवारही करिष्मा आली नाही. पियुषला विचारलं, तर तो माझ्याकडे पाहीचना. शेवटी नूतनला म्हणाला, की काकाने तिला सांगितलं, बापूरावभाऊ स्वतः घरी येऊन बोलले, तुझा आवाज पोचत नाही, तुझं मन दुखू नये म्हणून ताईने ठेवलं आहे. आता मागच्या भिंतीशी बसून आवाज तोलणारा माणूसच असं म्हणाला म्हटल्यावर पोरीने काय समजायचं?

मी असा भडकलो की सायकलचं कुलूपही उघडेना. नानाजीच्या अंगणात उभ्यानेच विचारलं, माझ्या नावावर खोटं काऊन बोलला? तो धान पाखडून राहिला होता. सूप खाली ठेवलं आणि सावकाश बोलला. रागाने नाही बोलला हर्षा, चांगल्या मनाने बोलला. त्याचं वाक्य जसंच्या तसं लिहितो.

"भाऊ, मी तं तुमचंच पाहून केलं. तुमच्या पोरीले मी शाळेच्या गॅदरिंगले ऐकलं होतं. पार मांगच्या लाइनीत होतो मी, तरी आवाज येत होता. मंग तुमी आवाजाचं बोलले तवाच मले समजलं, का बापाले असं बी 'नाई' म्हणता येते. मी सरळ नाई म्हटलं असतं तं करिष्मा महिनाभर भांडली असती. आवाजाचं सांगतलं तं एक शब्द नाई बोलली. गुपचूप भांडे घासाले गेली."

एक शब्द नाही बोलली. गुपचूप गेली. मी खाटेवर बसलो. माझं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यात माझा जन्म गेला, पण असं कधी ऐकलं नव्हतं.

तू जानेवारी २००७ विसरली नसशील. बारावीत होतीस. माझा डबा घेऊन वडशाला तालमीला आली होतीस. हिरोईन आली नव्हती, म्हणून डायरेक्टर चंदनभाऊंनी तुला नुसतं वाचायला उभं केलं. तू वही हातातही घेतली नाहीस, माझ्या शेजारी बसून बसून तुला अख्खं नाटक पाठ होतं. परत येताना एसटीत, नागभीडच्या आधी, तू विचारलंस, बाबा, काय म्हणाले चंदनभाऊ? मी म्हटलं, पोरगी गुणी आहे म्हणाले, पण आवाज पोचत नाही. तू खिडकीबाहेर पाहत बसलीस. घरी येऊन रसायनशास्त्राचं पुस्तक उघडलंस. भांडली असतीस तर मी हरलो असतो.

चंदनभाऊ असं म्हणाले नव्हते.

ते मी बनवलं. पोस्टरवर तुझा फोटो लागेल, आणि पानठेल्यावर कोणी काहीबाही बोलेल, याची मला भीती वाटली. सरळ नाही म्हटलं असतं तर तू कारण विचारलं असतंस. कंपनीतल्या ज्या बायकांच्या कामावर आपलं घर चाललं, ज्यांना मी ताई म्हणायचो, ज्यांच्या हातची भाकर खायचो, त्यांना नावं ठेवल्याशिवाय मला कारण देता येत नव्हतं. ती लाज मला झेपली नाही, म्हणून दोष तुझ्या गळ्याला लावला. तुझ्या लग्नात चंदनभाऊ तुझ्याशी बोलायला स्टेजकडे येत होते, तेव्हा मी त्यांना दंडाला धरून जेवायला ओढत नेलं आणि चार गुलाबजाम वाढले. त्यांना साखरेचा आजार होता. आणि गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नातीला शाळेच्या नाटकात घेणार आहेत असा विषय निघाला, तर तू म्हणालीस, नको, आमच्या घराण्याचा आवाजच पोचत नाही. मी समोर बसून चिवडा खात होतो आणि खातच राहिलो.

त्या दिवशी अंगणात मी करिष्माला बाहेर बोलावलं. ती हात पुसत आली. मी तिच्या बापासमोर सांगितलं, की तुझा आवाज पोचत नाही असं मी बोललो नाही, आणि माझ्या पोरीबद्दल बोललो ते खोटं बोललो. नानाजी सूप उचलून उगाच पाखडायला लागला. पोरगी माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं रडेल. तिने विचारलं, "तिले मालूम आहे?"

मी म्हटलं, नाही.

"मंग पयले तिले सांगा. मंग माझा आवाज ऐका."

आतून तिच्या आईने नानाजीला ऐकू जाईल एवढ्याने सांगितलं, की करिष्मा उद्यापासून तालमीला जाईल. नानाजीने मान खालीच ठेवली, पण दुसऱ्या दिवशी स्वतःच मोटरसायकलवर आणून सोडली आणि जाताना म्हणाला, वाघिणीले पाणी पाजत जा, ऊन फार आहे. म्हणजे तेवढं मार्गी लागलं. माझं मात्र लागलं नाही. करिष्मा नूतनला म्हणाली, भाऊ मागे बसले तर मी बोलत नाही. नूतनने कारण विचारलं, मी सांगितलं. तिने मला काही सुनावलं नाही, फक्त भिंतीजवळची माझी सतरंजी गुंडाळून ठेवली. आता तालीम चालू असते तेव्हा मी समाजमंदिराच्या पायरीवर चपला सांभाळत बसतो. करिष्मा येता-जाता विचारते, पत्र टाकलं? आणि मी, जन्माची खोड, एकदा हो म्हणूनही पाहिलं. तिने नुसतं पाहिलं माझ्याकडे. आज सकाळी पुन्हा विचारलं तेव्हा खरं सांगितलं, आंब्यापर्यंत लिहिलं आहे म्हणून. ती म्हणाली, आंबे पिकायच्या आधी टाका.

तुझ्या आईला आज दुपारी सांगितलं. तिलाही अठरा वर्षांत माहीत नव्हतं. ती म्हणाली, आज तुमचा स्वयंपाक तुम्हीच करा. मी भात टाकला आहे, करपल्याचा वास येतो आहे, पण उठत नाही. हे आधी पुरं करतो.

नाटक पुढच्या रविवारी, तेराला, संध्याकाळी सहा वाजता आहे. ये असं म्हणायचा हक्क मला नाही, पण आलीस आणि नातीला आणलंस तर तुझी आई माझ्याशी बोलेल. नाही आलीस तरी मी समजेन. माफ कर असंही लिहीत नाही, कारण तू चांगली आहेस, लगेच करून टाकशील, आणि मग मी ती माफी गोळीसारखी घेऊन झोपून जाईन.

फक्त तुझं जे तुला द्यायचं राहिलं, ते देतो. एकतीस वर्षांत एकाही नटाचं वाक्य मी गाळलं नाही. गाळलं ते तुझं एकटीचं. चंदनभाऊ मला बाजूला घेऊन जे बोलले, ते असं होतं:

"बापू, हे पोरगी मले दे. पाच हजार लोकं बसले राह्यले आणि लाईन गेली, माइक बंद पडला, तरी हे सगळ्याईले ऐकू जाईन. असा आवाज मी आजपावतो ऐकला नाई. घरी जाऊन तिले सांग, चंदननं असं म्हटलं म्हणून."

मी हो म्हणालो होतो. आज सांगतो आहे.

वाचून राग येईल. आला पाहिजे. फोन कर, मी उचलीन. पण हळू आवाजात रागावू नकोस, हर्षा. मला सगळं ऐकू येऊ दे.

तुझ्या आवाजाबद्दल खोटं बोललेला,
तुझा बाबा